टीव्हीवरचे चॅनल गायब? आधी रिमोट खाली ठेवा

मावशीचा फोन आला तेव्हा तिने दोनच वाक्यं सांगितली. पहिलं, "अरे, अर्धेच चॅनल लागतायत." दुसरं, "म्हणून मी मेनूत जाऊन ते फॅक्टरी रीसेट का काय ते केलं, तर आता एकही लागत नाहीये." पहिल्या वाक्यापर्यंत प्रकरण अगदी साधं होतं, पाना घेऊन अर्ध्या तासात उरकलं असतं, दुसऱ्या वाक्याने माझा अख्खा रविवार खाल्ला. मावशीला नावं ठेवण्यात अर्थ नाही कारण मी स्वतः हेच केलेलं आहे. अँटेनाची वायर मागून निसटली होती, मला ते दिसलं नाही, मी ऑटो ट्यूनिंग मारलं आणि टीव्हीने इमानदारीत जुनी सगळी यादी पुसून त्या जागी शून्य चॅनल लिहून ठेवले.

बऱ्याच टीव्हींचं आणि बॉक्सचं हे असंच असतं. पूर्ण स्कॅन लावला की आधी जुनी यादी जाते, मग जे सापडेल ते नव्याने लिहिलं जातं, आणि त्या वेळी सिग्नलच नसेल तर काहीच सापडत नाही. त्यामुळे चालू टीव्हीवर अचानक सगळं गेलं असेल तर री-स्कॅन हा पहिला उपाय नाहीच, तो जवळपास शेवटचा. आणि फॅक्टरी रीसेट तर त्याच्याही नंतर, कारण त्यात डिशच्या सेटिंगसकट सगळंच उडतं.

मग पहिलं काय करायचं? काहीच नाही, फक्त बघायचं. नेमके कुठले चॅनल गेलेत, कुठले चालू आहेत आणि जातात ते कधी जातात, एवढं कागदावर लिहिलं तरी बिघाड कुठे आहे ते निम्म्याहून जास्त कळतं. लोक "टीव्ही नीट दिसत नाही" एवढंच सांगतात, पण सगळेच चॅनल जाणं, ठरावीक सात-आठ जाणं, एकच जाणं आणि संध्याकाळीच जाणं, ही चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे.

सगळेच गेले असतील आणि स्क्रीनवर नो सिग्नल असं येत असेल तर आधी टीव्हीचा सोर्स बघा. हसू नका, मी जेवढ्या घरांत या कामाला गेलोय त्यातल्या कितीतरी ठिकाणी कुणीतरी रिमोटवरचं एक बटण चुकून दाबलेलं होतं आणि टीव्ही बिचारा एचडीएमआय २ कडे बघत बसला होता जिथे काही जोडलेलंच नाही. खूण अशी की सेट टॉप बॉक्सचा स्वतःचा मेनू स्क्रीनवर दिसतोय का. दिसत असेल तर टीव्ही आणि त्याची वायर ठीक आहे, बिघाड बॉक्सच्या मागे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या बाजूला आहे. मेनूच दिसत नसेल तर छपरावर चढायची काही गरज नाही, सोर्स, एचडीएमआय केबल आणि बॉक्सची वीज एवढंच बघायचं.

आता गठ्ठ्याने जाणारे चॅनल, कारण खरी गंमत तिथे आहे. आपल्याला वाटतं प्रत्येक चॅनलची वेगळी लहर येते. अॅनालॉगच्या काळात तसं होतंही. डिजिटलमध्ये मात्र एका फ्रिक्वेन्सीवर पाच, दहा, कधी वीस चॅनल एकत्र कोंबून पाठवतात, म्हणजे एका बसमध्ये बसलेले प्रवासी समजा. ती बस चुकली की त्यातले सगळे एकदम गैरहजर. म्हणून बातम्यांचा एक, सिनेमाचा एक आणि लहान मुलांचा एक असे एकमेकांशी काही संबंध नसलेले चॅनल एकाच दिवशी गेले की समजायचं ते एकाच फ्रिक्वेन्सीवरचे आहेत. खात्री करायची तर चॅनलच्या माहितीच्या पानावर किंवा सिग्नल टेस्टच्या पानावर फ्रिक्वेन्सी लिहिलेली असते, दोन-तीन गेलेले आणि दोन-तीन चालू चॅनल घेऊन आकडे ताडून बघा.

आणि त्या आकड्यांत अजून एक गोष्ट दडलेली असते. गेलेले सगळे वरच्या फ्रिक्वेन्सीचे असतील तर केबल फार लांब आहे, जुनी आहे किंवा तिच्यात पाणी गेलंय असा संशय घ्यायचा, कारण केबल वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त खाते. आरजी-६ नावाची जी नेहमीची जाड केबल असते ती ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास १०० मीटरला साधारण १८ ते २० डेसिबल (सिग्नल किती घटला ते मोजायचं माप, हिशोब पुढे येतोय) गिळते आणि डिशच्या केबलमधून जे २,००० मेगाहर्ट्झच्या पुढचं जातं त्यात हाच आकडा ३० च्या वर जातो. उलट खालचे गेले आणि वरचे ठणठणीत, तर केबलच्या मधली तार कुठेतरी तुटलेली किंवा पिनमध्ये नीट टेकत नसलेली असू शकते. त्या बारीक फटीतून वरच्या फ्रिक्वेन्सी उडी मारून जातात, खालच्यांना ते जमत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा विश्वास बसला नव्हता, पण पिन परत लावली आणि खालचे चॅनल खरंच आले.

जुन्या टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, सावल्या दिसायच्या, पण माणूस दिसायचा. काड्या हलवत हलवत मॅच बघितलेल्या पिढीला डिजिटलचा राग येतो तो यामुळेच, कारण इथे मुंग्या नाहीत. चित्र एकदम स्वच्छ असतं, मग चौकोन चौकोन व्हायला लागतात, आवाज चिरकतो आणि मग काहीच नाही. कारण डिजिटलमध्ये चित्राऐवजी आकडे येतात, थोडे आकडे चुकले तर बॉक्स स्वतः दुरुस्त करून घेतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, पण चुका एका मर्यादेपलीकडे गेल्या की दुरुस्तीच कोलमडते. म्हणजे काल सुंदर दिसत होतं याचा अर्थ काल सिग्नल भरपूर होता असा होत नाही. काल तुम्ही कड्याच्या अगदी टोकावर उभे असाल आणि आज वारा जरा जास्त सुटला, एवढंच.

तुम्ही टोकावर आहात की आत, ते त्या सिग्नल टेस्टच्या पानावर कळतं. तिथे दोन पट्ट्या असतात, एक स्ट्रेंग्थ आणि एक क्वालिटी, आणि नव्वद टक्के लोक फक्त पहिली बघून "सिग्नल तर फुल्ल आहे" म्हणतात. स्ट्रेंग्थ म्हणजे आवाज किती मोठा येतोय, क्वालिटी म्हणजे त्यातलं किती समजतंय. शेजारी मिक्सर चालू असताना कुणी तुमच्या कानात ओरडलं तर आवाज मोठा असतो पण शब्द कळत नाहीत, तसं. दोन्ही पट्ट्या खाली असतील तर सिग्नल वाटेतच मरतोय: केबल, जोड, दिशा, समोर आलेलं झाड. स्ट्रेंग्थ वर आणि क्वालिटी खाली असेल तर सिग्नल घाण झालाय, म्हणजे कुठूनतरी दुसरा गोंगाट घुसतोय, भिंतींवर आपटून आलेला तोच सिग्नल उशिरा पोचतोय किंवा अॅम्प्लिफायरने उगीच जास्त फुगवलाय. आणि डिश असेल, स्ट्रेंग्थ बऱ्यापैकी आणि क्वालिटी शून्य, तर डिश हललीय किंवा भलत्याच उपग्रहाकडे बघतेय अशी दाट शक्यता, कारण डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला नुसती वीज मिळाली तरी तो स्वतःचा थोडा गोंगाट पाठवत राहतो आणि बॉक्स त्यालाच स्ट्रेंग्थ समजतो.

एक सांगून ठेवतो, या पट्ट्यांचे टक्के प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. त्यामुळे तुमचे ६५ आणि शेजाऱ्याचे ८० याची तुलना करत बसू नका, आपल्याच बॉक्सवरचे कालचे आणि आजचे आकडे ताडा.

आता केबल आणि पिन. मला विचाराल तर घरातले बहुतेक रिसेप्शनचे आजार इथेच असतात पण लोकांना ते फार क्षुल्लक वाटतं म्हणून ते थेट नवा बॉक्स मागवतात. तर असं करा, बॉक्सची वीज बंद करा, कारण डिशच्या केबलमधून वर वीज जात असते, आणि मग पिन फिरवून काढा. आत मधोमध तांब्याची सरळ तार दिसली पाहिजे, पिनच्या कडेच्या जरा बाहेर आलेली, दोन-तीन मिलिमीटर. तिच्याभोवती पांढरा फोम, त्यावर चंदेरी पन्नी आणि जाळी. ही जाळी मागे दुमडून पिनच्या आत दाबलेली असते, आणि घोळ होतो तो जाळीतला एक केसाएवढा तंतू पुढे येऊन मधल्या तारेला टेकतो तेव्हा. झालं, शॉर्ट. अँटेनावर चॅनल जातात, डिशवर बॉक्स एलएनबी शॉर्टचा मेसेज दाखवतो आणि आपण एलएनबी बदलायला निघतो. मी एकदा अख्खा एलएनबी बदलून आलो होतो आणि नंतर बॅटरीच्या उजेडात तो तंतू सापडला, नखाने मोडला आणि चालू झालं. नवा एलएनबी अजून कपाटात पडून आहे.

मधली तार काळी किंवा हिरवट दिसली, पिनमधून गंज निघाला, फोम ओला वाटला, तर पाणी गेलंय. केबलच्या आत पाणी गेलं की ते जाळीतून शोषत शोषत बरंच लांब जातं, त्यामुळे नुसतं टोक वाळवून उपयोग नसतो, वाईट भाग कापून टाकायचा आणि कापलेल्या जागी चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे यायचं. न दिसलं तर केबल बदला, तिच्यावर माया नको. बाहेरचा जोड नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेला असेल तर वर्षभरात तिच्यातच पाणी साठतं, बाहेर वापरायची स्वतःवरच चिकटणारी रबरी टेप वेगळी मिळते. आणि केबल घरात शिरते तिथे भिंतीच्या भोकाच्या खाली एक झोळ सोडायचा, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून टपकतं, केबलवरून सरपटत घरात येत नाही.

केबल काटकोनात वाकवलेली, कपाटाच्या पायाखाली चेपलेली, खिळ्याने ठोकलेली, हे सगळं त्याच जातीचं. तिच्या आत तार आणि जाळीतलं अंतर सारखं राहिलं तरच तिचं काम नीट चालतं, चेपलं की तिथून सिग्नल परत फिरतो.

स्प्लिटरबद्दल थोडक्यात. डेसिबलचा हिशोब असा की ३ डेसिबल गेले म्हणजे सिग्नल निम्मा, १० गेले म्हणजे दहावा हिस्सा उरला. एका वायरीचे दोन करणारा स्प्लिटर प्रत्येक फाट्यावर साधारण साडेतीन डेसिबल कमी करतो, चारचा असेल तर सात. म्हणजे दुसऱ्या खोलीत टीव्ही लावल्यापासून पहिल्या खोलीतले चॅनल गेले, तर त्यात जादूटोणा काही नाही. स्प्लिटर मधून काढा, केबल सरळ एका टीव्हीला जोडून बघा, चॅनल आले तर चोर सापडला. चारचा स्प्लिटर लावून दोनच फाटे वापरत असाल तर दोनचा आणा. डिशवाल्यांनी मात्र साध्या स्प्लिटरने दोन बॉक्स चालवायचा खटाटोपच करू नये, त्याला दोन केबल निघणारा एलएनबी लागतो, का ते पुढे येतंय.

मग लोक म्हणतात बूस्टर लावू. माझा बूस्टरवर राग आहे असं नाही, पण तो सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढवतो. टीव्हीजवळ लावलेला बूस्टर म्हणजे दूध नासल्यावर पातेलं मोठं घेणं. लावायचाच तर अँटेनाजवळ, केबलने सिग्नल खायच्या आधी. आणि टॉवर जवळ असेल तर मुळीच नको, सिग्नल जास्त झाला की ट्यूनर गांगरतो आणि लक्षणं अगदी कमी सिग्नलसारखीच दिसतात, चौकोन आणि अडकणं. अशा ठिकाणी बूस्टर काढून टाकला की चॅनल परत येतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि तरी घरमालकाला पटत नव्हतं.

अँटेनावाल्यांसाठी दोन गोष्टी. एक, अँटेनाच्या काड्यांची लांबी फ्रिक्वेन्सीवर ठरते, काडी साधारण अर्ध्या लहरीएवढी लागते. २०० मेगाहर्ट्झला लहर दीड मीटरची, म्हणून काडी ७५ सेंटीमीटरच्या आसपास. ६०० मेगाहर्ट्झला लहर अर्ध्या मीटरची, काडी २५ सेंटीमीटर. त्यामुळे छोट्या काड्यांचा किंवा कागदासारखा चपटा अँटेना लावलात आणि तुमच्या भागातले काही चॅनल व्हीएचएफवर, म्हणजे त्या २०० च्या आसपासच्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर असतील तर नेमके तेच चॅनल रुसणार. काड्या आडव्या हव्यात की उभ्या तेही टॉवरवर अवलंबून, आजूबाजूच्या छपरांवर बघून घ्या. दुसरं म्हणजे घरातला अँटेना अर्धा मीटर सरकवला तरी जमीन-अस्मानाचा फरक पडतो, तेव्हा भिंतीला कायमचा चिकटवण्याआधी खिडकीजवळ, उंचावर, वेगवेगळ्या जागी धरून क्वालिटीची पट्टी बघा. प्रत्येक वेळी हलवल्यावर चार-पाच सेकंद थांबा, पट्टी लगेच बदलत नाही आणि आपण मात्र भराभर हलवत सुटतो.

री-स्कॅनची खरी गरज पडते ती वेगळ्याच कारणाने. गेल्या काही वर्षांत अनेक देशांनी टीव्हीच्या वरच्या फ्रिक्वेन्सी मोबाइलला दिल्या, आधी ८०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, मग ७०० च्या, अमेरिकेत तर ६०० च्याही, आणि तिथले चॅनल उठवून खाली बसवले. सिग्नल उत्तम, पट्ट्या भरलेल्या, पण एक गठ्ठाच गायब, असं असेल तर तो कदाचित गेलेला नाही, जागा बदलून बसलाय. तेव्हा स्कॅन करायचा. मेनूत आधीच्या यादीत भर घालणारा स्कॅन असेल तर तो निवडा, आणि अँटेना की केबल हा पर्याय बरोबर आहे ना ते बघा, कारण चुकीच्या पर्यायावर टीव्ही भलत्याच जागा शोधत राहतो. जवळ मोबाइलचा नवा टॉवर उभा राहिल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर टीव्हीच्या वाटेवर ४जी-५जीचा फिल्टर लावून बघायचा, चिमुकली डबी असते, बूस्टर असेल तर त्याच्या आधी लावायची.

आणि हवा. उंच दाबाची, स्थिर, वारा नसलेली हवा असली की कधी कधी शेकडो किलोमीटर लांबच्या टॉवरचा सिग्नल वाकून आपल्यापर्यंत येतो आणि आपल्या चॅनलवर येऊन बसतो. एक-दोन दिवसांत आपोआप जातं. या दिवसांत री-स्कॅन केलात तर टीव्ही त्या लांबच्या टॉवरचे चॅनल यादीत भरतो आणि हवा बदलली की तेही जातात आणि आपलेही.

डिशची गोष्ट वेगळी. तिचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंच आहे, शेजारचा उपग्रह काही अंशांवरच असतो, त्यामुळे छत्री बोटभर हलली तरी दुनिया बदलते. जोरदार पावसात काही मिनिटं चॅनल जाणं हा बिघाड नाही, डिशची लहर, केयू बँड म्हणतात ती, जेमतेम अडीच सेंटीमीटरची, ती पाण्याच्या थेंबांत शोषली जाते आणि विखुरते. पण साध्या रिमझिमीतही जात असेल तर डिश आधीपासूनच थोडी तिरकी आहे आणि तुम्ही त्या कड्यावर उभे आहात. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या आगेमागे काही दिवस, रोज ठरावीक वेळी काही मिनिटं सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात सगळं बुडतं, त्यावर इलाज नाही, चहा करून घ्या. आणि झाड. डिश बसवली तेव्हा ते बुटकं होतं, आता वाढलंय, पानं ओली झाली की आणखी नडतं. ही तक्रार हळूहळू वाढत जाते म्हणून लक्षात येत नाही.

आता मावशीचे अर्धे चॅनल. उपग्रहावरून लहरी दोन प्रकारे येतात, उभ्या आणि आडव्या, आणि एलएनबीने त्यातली कुठली घ्यायची हे बॉक्स केबलमधून वीज पाठवून सांगतो: साध्या एलएनबीत १३ व्होल्ट दिले की उभी, १८ दिले की आडवी. दोन बॉक्स एका केबलवर म्हणूनच भांडतात, एक १३ मागतो, दुसरा १८. आता मधला एखादा जोड गंजला की वाटेत व्होल्टेज पडतं, खालून १८ निघतात, वर पोचेपर्यंत चौदाच्या आसपास उरतात, एलएनबीला वाटतं १३ च सांगितलंय, तो उभ्यावरच बसून राहतो आणि आडवीवरचे सगळे चॅनल जातात. गेलेल्यांच्या माहितीत सगळीकडे एच, म्हणजे आडवी, आणि चालू असलेल्यांच्यात व्ही, म्हणजे उभी, दिसला तर दुसरं काही शोधूच नका, जोड आणि केबल बघा, मग एलएनबी.

घरातल्या घरातले चोरही असतात. टीव्हीच्या मागे अँटेनाच्या वायरीला खेटून गेलेली स्वस्तातली एचडीएमआय केबल, हलक्या प्रतीचा एलईडी दिवा, चार्जर, हे सगळे टीव्हीच्या वरच्या-खालच्या दोन्ही फ्रिक्वेन्सींमध्ये गोंगाट ओततात. संध्याकाळीच चॅनल जातात अशी तक्रार असेल तर संध्याकाळी काय काय चालू होतं ते बघा आणि एकेक बंद करत जा. एचडीएमआय केबल नुसती लांब सरकवूनही काम होतं.

एकच चॅनल गेला असेल तर ते बहुतेक तुमच्या वायरीचं दुखणं नसतंच. स्क्रीनवर काही अक्षरं-आकडे येत असतील तर ते पैसे भरण्याचं किंवा पॅकचं आहे. आवाज येतो पण चित्र नाही, तर कदाचित चॅनलने चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत धरलीय, जी जुन्या टीव्हीला उलगडता येत नाही, एचईव्हीसी वगैरे. तिथे अँटेना हलवून काही होणार नाही, वेगळा बॉक्सच लागतो.

छपरावर जायचं तर कोरड्या दिवशी, कुणाला तरी खाली उभं करून, आणि वीज चमकत असताना मुळीच नाही.

मावशीकडे गच्चीच्या कठड्याखाली असाच एक जोड निघाला, काळ्या चिकटपट्टीचा गोळा, सोडला तर आतून चमचाभर पाणी गळलं. पिन कापून नवी लावली, तेवढ्याने सगळे चॅनल यायला हवे होते, पण रीसेटने उपग्रहाची सेटिंगच गेलेली, ती कुणी लिहून ठेवली नव्हती, मग फ्रिक्वेन्सी शोधून एकेक आकडा रिमोटने भरणं आलं. चॅनल आल्यावर त्या पानाचा मी तिच्याच मोबाइलवर फोटो काढून ठेवला. तरी तासभर थांबावं लागलं, कारण तिचे आवडीचे चौदा चॅनल तिला पूर्वीच्याच क्रमाने हवे होते आणि तो क्रम फक्त तिच्या डोक्यात होता.